पूर्वेकडची बोट

चंद्रभान पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत कामाला लागला तेव्हा त्याला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. आता त्याची कानशिलं पांढरी झाली होती. इतकी वर्षं तो रोज सकाळी फाटकावर खिसे उलटे करून दाखवत आला. काडेपेटी नको, बिडी नको, खिळे मारलेल्या वहाणा नकोत. सुरुवातीला त्याला याचा राग यायचा. मग सवय झाली, आणि सवयीचा पुढे अभिमान झाला. नाचणगावात शेती करणारे त्याचे भाऊ हसून म्हणत, डेपोनं चंद्रभानले येडा केला. कारण घरीही तो तसाच. स्टोव्ह पेटता ठेवून कोणी अंगणात गेलं की तो घर डोक्यावर घ्यायचा. त्याची बायको सखूबाई वैतागून म्हणायची, "घरात बाँब ठेवले काहो तुम्ही?"

"ठेवले असते तं बरं होतं," तो म्हणायचा. "माणूस सांभाळून तरी वागला असता."

त्यांचा एकुलता मुलगा ओमप्रकाश या तालमीत वाढला. बापाची एक गोष्ट त्याला तोंडपाठ होती. एका उन्हाळ्यात कुंपणाबाहेरच्या रानात गवत पेटलं, वारा डेपोकडे होता, भोंगा वाजला. कोणी सैरावैरा पळालं नाही. ज्याचं नाव ज्या जागेवर लावलेलं, तो त्या जागेवर जाऊन उभा राहिला, बादल्या हातोहात पुढे गेल्या आणि आग रानातच विझली. "भेव वाटत नाई असं नाई," चंद्रभान पोराला सांगायचा. "पण कुठं जायचं ते पायाले माहीत पाह्यजे. डोकं तवा कामातून गेलेलं राह्यते. आपलं नाव जिथं, आपण तिथं."

ओमप्रकाश वर्ध्याला आयटीआयमध्ये फिटर झाला. पुलगावच्या गिरणीत जागा नव्हती आणि डेपोत भरती बंद होती. अठ्ठ्याहत्तर साली मुंबईच्या एका कंत्राटदार कंपनीनं त्याला समुद्रातल्या तेलविहिरीवर घेतलं. घरातल्या कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता. पंधरवडाभर काम आणि पंधरवडाभर सुटी अशी त्याची पाळी असायची. पहिल्या सुटीत तो आला तेव्हा अर्धी आळी अंगणात जमली.

"रिग म्हंजे लोखंडाचं गाव हाय समजा," तो सांगत होता. "चार पायांवर उभं. खाली पाणी, वरतं आभाळ, अन् मधात आमी. दिवसरात मशीन चालते. बोललेलं आयकू येत नाई, समदं हातानं."

"अन् जेवाले?" सखूबाईनं विचारलं.

"जेवाले लय चांगलं, माय. त्याची चिंता करू नको."

माणसं गेल्यावर चंद्रभाननं पोराला जवळ बसवून घेतलं आणि त्याला हवं होतं ते विचारलं. टोप देतात का? देतात. बूट? देतात. उंचावर चढताना पट्टा? आहे, पण घाई असली की कोणी बांधत नाही. तू बांधतो का? बांधतो. चंद्रभानला बरं वाटलं.

पुढच्या साली रोहण्याच्या एका शेतकऱ्याची मुलगी कोकिळा सून म्हणून घरात आली. कमी बोलणारी होती, पण हसली की घर भरून जायचं. नवरा समुद्रावर असताना ती रेडिओवरच्या बातम्यांत हवामान तेवढं ऐकायची. वर्षभरात रंभा झाली. ओमप्रकाश दर सुटीला पोरीसाठी मुंबईहून काहीतरी आणायचा आणि सखूबाई ते शेजारी वच्छलाबाईला दाखवून यायची. दिवस बरे चालले होते.

एका सुटीत जेवणं झाल्यावर बापलेक अंगणातल्या बाजेवर बसले होते. कोकिळा पलीकडे तांदूळ निवडत होती. चंद्रभाननं सहज विचारलं, "आग लागली तं तुमी कुठं जाता?"

"दोन बोटी हाय, बाबा. एक पूर्वेकडे, एक पश्चिमेकडे. दोरावर टांगलेल्या राह्यते. ज्याचं नाव ज्या बोटीवर, त्यानं तिथं जायचं. माह्यं पश्चिमेच्या बोटीवर हाय. तिथली हजेरी माह्याकडेच हाय."

"कवायत होते?"

"होते ना. भोंगा वाजला का जाकीट घालून जमायचं, मोजायचं, अन् मंग कामावर."

"बोट पाण्यात उतरवून पाह्यता?"

"नाई. बोट नाई उतरवत."

"कधीच?"

"मी गेलतो तवापासून तं नाई. उतरवाची म्हणजे काम बंद ठेवा लागते. वर ओढाले अर्धा दिवस जाते. लाटा असल्या तं जमतही नाई म्हणते."

चंद्रभान बाजेवरून उठून उभा राहिला. "मंग ते कवायत काऊन म्हणता? ते तं नुसती हजेरी झाली. दोर किती वर्षाचा हाय, आकडा सुटते का नाई, कोणाले माहीत? खारं पाणी तं लोखंड खाऊन टाकते म्हणते."

ओमप्रकाश हसला नाही. परत गेल्यावर त्यानं खरंच जाऊन पाहिलं. पुढच्या सुटीत त्यानं सांगितलं, की बोटीला दोन्ही टोकांना आकडे असतात, ते एकाच वेळी सुटायला हवेत, आणि पश्चिमेकडचा एक आकडा गंजानं असा धरला होता, की हातोडी मारली तरी हलत नव्हता. त्यानं रिगवरच्या मोठ्या साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, बघू. पुन्हा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, भीती वाटत असेल तर गावी जा, तुझ्या जागेवर यायला पुष्कळ जण बसलेत. तेव्हापासून रिगवरची मंडळी त्याला डेपोवाला म्हणू लागली होती. जेवायच्या टेबलावर कोणी मुद्दाम भोंग्यासारखा आवाज काढायचं आणि बाकीचे हसायचे.

"मी सोडतो, बाबा," सुटी संपत आली तेव्हा ओमप्रकाश म्हणाला. "नाचणगावात काकासंग भाजीपाला लावीन. लय झालं."

कोकिळा दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला, तो चंद्रभानला दिसला. तरीही तो बोलला. आकड्याचं ऐकल्यापासून तो डेपोत जेवणाच्या सुटीत पोराबद्दल बोलत होता, माह्या पोरानं मोठ्या साहेबाले तोंडावर सांगितलं म्हणून. ते सगळं त्याच्या बोलण्यात उतरलं.

"सोडजो," तो म्हणाला. "तुह्या मनात असलं तं सोडजो. पण तिथं बोलणारा एकटा तू हायेस. तू आला तं मंग कोण बोलणार? बाकीच्यायच्या पोरायचं काय?"

ओमप्रकाशनं मान खाली घातली. तो म्हणाला, "बरं. अजून एकडाव सांगून पाह्यतो."

कोकिळा आत गेली. सुटी संपल्यावर पुलगाव स्टेशनवर गाडी हलली तेव्हा तिनं रंभाचा हात धरून तो नवऱ्याकडे हलवला. सासऱ्याकडे तिनं पाहिलं नाही.

त्यानंतर ओमप्रकाश आणखी काही वेळा आला आणि गेला. बोटीचा विषय घरात निघाला की तो म्हणायचा, सुरू हाय, होऊन राह्यलं. चंद्रभान जास्त खोदून विचारत नसे. एक्याऐंशीच्या दिवाळीआधी तार आली. रिगवर विहिरीतून वायू उसळून आग लागली होती. बरीच माणसं वाचली होती. काही सापडली नव्हती, आणि न सापडलेल्यांत ओमप्रकाशचं नाव होतं.

चंद्रभान आणि नाचणगावचा धाकटा भाऊ मुंबईला जाऊन आले. कंपनीच्या माणसांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, चहा दिला. शोध चालू आहे, असं सांगितलं. चंद्रभाननं तिथे पहिल्यांदा समुद्र पाहिला. भिंतीपाशी उभा राहून तो बराच वेळ बघत राहिला. एवढ्या पाण्यात माणूस शोधायचा म्हणजे काय, हे त्याला तिथे कळलं. घरी येऊन मात्र त्यानं तेच सांगितलं जे त्याला सांगितलं होतं. शोध चालू आहे.

कोकिळानं ते तीन शब्द धरून ठेवले. कोणीतरी तिला सांगितलं होतं, की कोळ्यांच्या होड्या माणसं उचलतात आणि दूरच्या बंदराला नेतात, तिथून खबर यायला वेळ लागतो. एखाद्याच्या डोक्याला मार बसतो, नाव आठवत नाही. ती कुंकू लावत राहिली. बांगड्या भरत राहिली. वच्छलाबाई एकदा काही बोलायला गेली तर सखूबाईनंच तिला परत पाठवलं. रोहण्याहून भाऊ न्यायला आला, तर कोकिळा म्हणाली, "ते घरी येतीन अन् मी माहेरी असीन तं कसं दिसीन?" भाऊ रडत गेला.

ती घरातलं सगळं करायची, सासूच्या पायाला तेल लावायची, सासऱ्याला वेळेवर डबा द्यायची. फक्त त्याच्याशी बोलायची नाही. डबा ओट्यावर ठेवून आत जायची. चंद्रभान डेपोत जात राहिला. फाटकावर तो खिसे उलटे करायला लागला, की पहारेकरी दुसरीकडे बघायचा.

होळीच्या सुमाराला एका दुपारी कवडू आला. कवडू सिंदी रेल्वे गावचा, रिगवर स्वयंपाकघरात कामाला होता. ओमप्रकाशच्या ओळखीनंच तो तिथे लागला होता आणि सुटीला दोघं एकाच गाडीनं यायचे. आगीत त्याचे दोन्ही हात भाजले होते. इतके महिने तो मुंबईच्या दवाखान्यात होता. सुटून गावी आला आणि आईला भेटून पहिला पुलगावला आला. हातांची कातडी नवी, गुलाबी दिसत होती. सखूबाईनं पाणी दिलं, तर त्याला तांब्या धड धरता येईना. तिनंच तो त्याच्या तोंडाला लावला.

"ओम्या लय मोठा माणूस होता, काकाजी," कवडू म्हणाला आणि रडायला लागला.

कोकिळा रंभाला घेऊन आतल्या दारात येऊन बसली. कवडूनं डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली. त्याला वाटत होतं, तो या घराला काहीतरी देऊन राहिला आहे.

"त्यानं पिच्छाच नाई सोडला साहेबाचा. लोक हसले, शिव्या देल्या, पण तो रोज तेच. शेवटी नवीन साहेब आला, त्यानं आयकलं. म्हणाला, एक एक करून दोन्ही बोटी पाहू. पश्चिमेकडे सामानाची आगबोट लागते, तिकडं जागा मोकळी नव्हती. म्हणून पूर्वेकडची पयले घेतली. ओम्यानं सोता आकडे सोडवले. नवा दोर लावला. ते बोट पाण्यात उतरवली, आमाले बसवून उतरवली. आमी टाळ्या वाजवल्या. पश्चिमेची पुढच्या पंधरवड्यात होणार होती."

"अन् मंग?" चंद्रभाननं विचारलं.

"पुढच्या पंधरवड्याच्या पयलेच आग लागली. दिसत नव्हतं काही. आवाज असा, का कान फाटतीन. मी स्वयंपाकघरातून पूर्वेकडे पळालो. तिथंच ओम्या भेटला, पूर्वेच्या बोटीपाशीच. त्याची मशीन त्याच बाजूले होती. त्यानं मले बोटीत ढकललं. माहे हात जळलेले होते, मले चढता येत नव्हतं. मी म्हटलं, बस, जागा हाय. तो म्हणे, माह्यं नाव तिकडं हाय, तिकडली हजेरी माह्याकडे हाय, मी नाई गेलो तं त्यायले कोण उतरवीन. अन् तो गेला."

सखूबाईनं पदर तोंडात धरला.

"आमची बोट सरकन पाण्यात उतरली, काकाजी. जशी त्या दिवशी उतरली तशीच. आमी दूर गेलो तवा मले पश्चिमेकडची बोट दिसली. एका टोकाचा आकडा सुटला, दुसरा नाई सुटला. बोट उभी टांगली. माणसं पडली त्यातून. ओम्या वरतं होता, आकड्यावर मारून राह्यला होता. मंग ते वरचं समदं…" कवडू थांबला. "त्यानंतर तिथं काहीच नव्हतं. मी पाह्यलं. माह्या डोळ्यानं पाह्यलं."

कवडूला आता कळलं, की आपण काय सांगून बसलो. तो दाराकडे बघू लागला. कोकिळानं रंभाला मांडीवरून खाली ठेवलं, उठली आणि परसात गेली. बांगड्या दगडावर आपटल्याचा आवाज आला. सखूबाई धावली. तोवर झालं होतं. कोकिळाच्या मनगटातून रक्त वाहत होतं आणि ती नुसती उभी होती.

नदीवर पिठाचा पुतळा करून चंद्रभाननं मुलाचे संस्कार केले. लोक आले. कवडूनं सांगितलेली गोष्ट तोवर गावभर झाली होती. डेपोतली जुनी माणसं चंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, तुह्या पोरानं किती घरं वाचवली. तो मान हलवायचा. आठवडाभर त्याला ते बोलणं ऐकावंसं वाटलं. नंतर कोणी तसं म्हणालं, की तो उठून जायचा. आपण शिकवलेलं एक वाक्य पोरानं शेवटपर्यंत पाळलं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहायचं. बोटीत जागा होती. कवडू म्हणाला होता, जागा होती.

दिवस झाल्यावर कोकिळा रोहण्याला गेली. जाताना सासूच्या पाया पडली, सासऱ्याच्याही पाया पडली, पण तोंड उघडलं नाही. सखूबाई म्हणाली, "जाऊ द्या. तिकडं तिचं मन लागीन." रंभाशिवाय घर अंगावर यायला लागलं. तरी उन्हाळा गेला, पावसाळा गेला, पण न्यायला जायची चंद्रभानची हिंमत झाली नाही.

कापसाची वेचणी सुरू झाली तेव्हा तो एका रविवारी बसनं आर्वीमार्गे रोहण्याला गेला. कोकिळाच्या भावानं हात धरून बसवलं आणि ती शेतात असल्याचं सांगितलं. चंद्रभान विचारत विचारत शेतावर पोचला. चारपाच बाया वेचत होत्या. रंभा बांधावर बोंडांशी खेळत होती. तिनं आजोबाला ओळखलं आणि पळत आली.

कोकिळानं त्याला पाहिलं. डोक्यावर पदर घेतला, पण वेचायचं थांबली नाही. बाकीच्या बाया हळूच कपाशीच्या पुढच्या तासाला, म्हणजे ओळीला, सरकल्या. चंद्रभान बांधावर उभा राहिला. शेवटी जे नवीन होतं तेच त्यानं सांगितलं.

"कवडू येऊन गेला, बाई. तो आता मुंबईले कंपनीच्या गोदामात हाय. सांगत होता, आता त्यायच्या समद्या रिगवर दोन्ही बोटी पाण्यात उतरवून पाह्यते. काम बंद ठेवून."

"आता?" कोकिळा म्हणाली.

एवढ्या महिन्यांत तिनं त्याच्याशी उच्चारलेला तो पहिला शब्द.

ती त्याच्याकडे वळली. कमरेच्या ओटीत कापूस गच्च भरला होता. "मामाजी, एक विचारू? ते सोडतो म्हणत होते. तुमच्यासमोर म्हणत होते. तुम्ही त्यायले थांब काऊन म्हटलं?"

या प्रश्नाची तयारी त्यानं रोज केली होती. मी सोडजो असंही म्हटलं होतं, हे सांगायचं होतं. त्याच्यामुळे माणसं वाचली, हेही सांगायचं होतं. तिच्यासमोर त्यानं ते सगळं सोडून दिलं.

"मले गर्व झाला होता," तो म्हणाला. "डेपोत समद्यायले सांगत होतो, माहा पोरगा असा हाय. तो घरी आला असता तं काय सांगितलं असतं, असं वाटलं. त्याच्या जिवाचं मंग आलं मनात. पयले नाई आलं. तुह्या चेहऱ्याकडे पाह्यलं होतं म्या त्या दिवशी, अन् तरी बोललो."

कोकिळा ऐकत राहिली. मग तिच्या तोंडातून कण्हल्यासारखा आवाज निघाला आणि ती तासातच खाली बसली. बांगड्या फोडल्या तेव्हाही ती रडली नव्हती. आता रडली. लहान पोरीसारखी, मोठ्यानं. रंभा घाबरून आजोबाच्या धोतराला बिलगली. पलीकडच्या बायांपैकी एक उठली होती, दुसरीनं तिला हात धरून बसवलं. चंद्रभाननं सुनेला हात लावला नाही. तो तिथेच उन्हात उभा राहिला. त्याच्याही डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण पुसायचं भान नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती थांबली. तोंडावरून पदर फिरवला. "मी नाई येत तिकडं," ती म्हणाली. "मले त्या अंगणात राहता नाई येणार. इथं बालवाडीत बाई पाह्यजे म्हणते. मी हो म्हटलं."

"बरं केलं."

"तुमच्यावरचा राग गेला असं नाई."

"नको जाऊ दे," तो म्हणाला. "राहू दे."

ती उठून पुन्हा वेचायला लागली. चंद्रभान थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं उपरणं कमरेला बांधून त्याची ओटी केली आणि तिच्या शेजारच्या तासाला उभा राहिला. शेत सोडून त्याला किती वर्षं झाली होती. बोंडांचे काटे बोटांना लागत होते, कापसात पालापाचोळा येत होता. कोकिळानं एकदा बघितलं आणि नको म्हणाली नाही. ऊन कलेपर्यंत दोघं वेचत राहिले. शेवटच्या बसची वेळ झाली तेव्हा भाऊ बोलवायला आला.

स्टँडवर ती रंभाला घेऊन सोडायला आली. बस सुरू झाली, तशी खिडकीपाशी येऊन म्हणाली, "पुढच्या खेपेस मामीजीलेही घेऊन येजा. पोरगी आजीले इचारते."

चंद्रभान घरी पोचला तेव्हा सखूबाई दारातच बसली होती. त्याच्यामागे कोणी नाही, हे तिनं पाहिलं.

"नाई आली?"

"नाई येत ते. तिथंच राह्यते म्हणे."

"मंग?"

"आपल्याले बोलावलं हाय. तुले घेऊन ये म्हणाली."

सखूबाईनं भिंतीकडे तोंड केलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. चंद्रभान तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसला. त्याच्या बोटांवर कापसाच्या काट्यांचे बारीक ओरखडे होते. सखूबाईनं न बघताच त्याचा हात आपल्या हातात घेतला.